खान्देशी गुंतवणूकदारांचा धागा: शेअर बाजाराची कोणती साधनं, कोणत्या कामाला?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
राम राम मंडळी. आपल्याकडे डिमॅट खाती घरोघरी झाली, पण माहिती येण्याची वाट तीच राहिली. ग्रुपवर कोणीतरी चार्ट टाकतो, दुसरा त्यावर रॉकेट डकवतो आणि बाजार उघडला की सगळे खरेदीला धावतात. या धाग्यात टीप नको, साधनं हवीत. कुठली माहिती मूळ कुठे मिळते, फुकटात काय भागतं, कशाला पैसे मोजावेत, खर्च कसा तपासावा, घरातल्या जुन्या कागदी शेअरचं काय करावं, असं सगळं चालेल. कंपनीचं नाव उदाहरणापुरतं घ्या. 'घ्या' किंवा 'विका' असा सल्ला दिसला की प्रतिसाद उडवला जाईल.

ताळेबंद (जळगाव)
सुरुवात ॲपपासून करूच नका, एक्स्चेंजच्या (बीएसई, एनएसईच्या) संकेतस्थळापासून करा. बाकी सगळी साधनं तिथूनच माहिती उचलतात आणि उचलताना काहीतरी गाळतात.

बीएसईच्या साइटवर कंपनीचं नाव किंवा सहा आकडी कोड टाका आणि 'कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स' उघडा. कंपनीने एक्स्चेंजला कळवलेलं सगळं तिथे तारीख-वेळेसकट असतं. वर्तमानपत्रात 'कंपनीला मोठी ऑर्डर' अशी बातमी आली तर इथे मूळ पत्र वाचा. ऑर्डर किती कोटींची, किती महिन्यांत पुरी करायची आणि ती पक्की ऑर्डर आहे की नुसता सामंजस्य करार, हे पत्रात असतं. बातमीत बहुतेक वेळा पहिला आकडाच येतो.

तारखा लक्षात ठेवा. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक लेखापरीक्षित निकाल ६० दिवसांत यायलाच हवेत. भागधारणेचा तक्ता २१ दिवसांत येतो. प्रवर्तकांचा हिस्सा किती, त्यातला तारण किती, हे त्या तक्त्यात दिसतं. निकालाला उशीर करणारी कंपनी असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

निकालाची पीडीएफ उघडल्यावर मी या क्रमाने जातो:

आधी पत्रक एकत्रित आहे की स्वतंत्र, ते बघायचं. उपकंपन्या असतील तर एकत्रितच वाचायचं. मग तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी. पाइप, ठिबक, बियाणं, खत, जिनिंग हे धंदे हंगामी, त्यामुळे एप्रिल-जूनची तुलना जुलै-सप्टेंबरशी केली की भलताच निष्कर्ष निघतो. त्यानंतर 'इतर उत्पन्न' आणि 'अपवादात्मक बाबी' या दोन ओळी. जमीन विकून आलेला नफा इथे बसलेला असतो आणि मथळ्यात मात्र 'नफा दुप्पट' असं छापून येतं. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरातल्या टिपा आणि लेखापरीक्षकाचं पान. खरी गोम तिथे असते.

आणखी एक. ताळेबंद आणि रोकड प्रवाह पत्रक दर तिमाहीला येत नाही, सप्टेंबर आणि मार्चच्या निकालातच येतं. म्हणून जून-डिसेंबरचे निकाल नुसते नफ्यावर चांगले दिसले तरी अर्धंच चित्र दिसलंय असं धरा.

वांग्याचं_भरीत (भुसावळ)
ताळेबंदभाऊ, हाई बठ्ठं मोबाईलवर दिखस का? लॅपटॉप नाही आमच्याकडे.

ताळेबंद (जळगाव)
दिसतं की. ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' करा आणि मोबाइल आडवा धरा. तक्त्याची पीडीएफ मात्र उतरवून घेऊन वाचा, साइटवरच झूम करत बसाल तर ओळी चुकतात.

पांझरा (धुळे)
वरच्या मूळ कागदांना पूरक म्हणून स्क्रीनर ही साइट फुकटातलं सगळ्यात उपयोगी साधन. एका पानावर दहा वर्षांचे आकडे, आणि तळाशी कागदपत्रांचा रकाना. त्यात वार्षिक अहवाल, घोषणा, विश्लेषकांशी झालेल्या चर्चेची नोंद आणि पतमानांकनाचे दुवे एकाच ठिकाणी सापडतात. कंपन्या यादीत टाकल्या की नवी घोषणा ई-मेलवर येते. पंधरा-वीस कंपन्या सांभाळणाऱ्याला विकतचं काही लागत नाही, असं माझं मत.

पण तिथे लोक कुठे फसतात ते सांगतो.

पीई (भाव भागिले प्रति शेअर नफा) गेल्या चार तिमाहींच्या नफ्यावर काढलेला असतो. त्या नफ्यात एकदाच आलेली मोठी रक्कम असेल तर शेअर उगाच स्वस्त दिसतो. 'इतर उत्पन्न'च्या शेजारचं अधिकचं चिन्ह दाबून वर्षवार बघा. बँका आणि फायनान्स कंपन्यांना आरओसीई (गुंतवलेल्या एकूण भांडवलावरचा परतावा) व कर्ज-भांडवल प्रमाण लावू नका. कर्ज हा त्यांचा कच्चा माल आहे. त्यांच्याकडे थकीत कर्जाचं प्रमाण आणि त्यापोटी केलेली तरतूद पाहायची.

चाळणी लावायची असेल तर मी चारच अटी ठेवतो: बाजारमूल्य ५०० कोटींच्या वर, पाच वर्षांचा सरासरी आरओसीई १५ टक्क्यांच्या वर, कर्ज भांडवलाच्या निम्म्याहून कमी, आणि पाच वर्षांत कामकाजातून आलेली रोकड त्याच पाच वर्षांच्या नफ्याच्या किमान ७० टक्के. चौथी अट लावली की यादी धाडकन आटते. नफा कागदावर आणि पैसा बाजारात अडकलेला, अशा कंपन्या तिथेच गळतात.

अडकलेला पैसा मोजायचं सूत्र साधं आहे: येणे रक्कम भागिले वार्षिक विक्री, गुणिले ३६५. विक्री १०० कोटी आणि येणं ४० कोटी असेल तर १४६ दिवस. म्हणजे माल गेल्यावर पैसे यायला जवळपास पाच महिने. सरकारी योजना आणि अनुदानावर चालणाऱ्या धंद्यात हा आकडा मोठा असणारच. तो वर्षागणिक वाढतोय का, ते महत्त्वाचं. वार्षिक अहवालात येण्याची वयवारी दिलेली असते: सहा महिन्यांच्या आतलं, सहा महिने ते एक वर्ष, मग एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांच्या वरचं. शेवटचे दोन रकाने फुगत असतील तर तो पैसा बुडीत खात्याच्या वाटेवर आहे.

छोट्या कंपन्यांसाठी आणखी एक दुर्लक्षित खाण म्हणजे पतमानांकन. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांच्या साइटवर मानांकनामागची कारणं फुकट वाचता येतात. कर्जफेडीचं वेळापत्रक, खेळत्या भांडवलाची मर्यादा किती वापरली जाते, मोठे ग्राहक किती, हे तिथे दोन-तीन पानांत मिळतं, आणि लिहिणाऱ्याला शेअर विकायचा नसतो. नावापुढे 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' असा शेरा असेल तर कंपनी मानांकन संस्थेला माहितीच देत नाही असा अर्थ. मी अशा कंपनीत पुढे वाचतच नाही.

सातपुडा_७ (शहादा)
एवढं वाचत बसण्यापेक्षा चांगला सल्लागार धरलेला बरा ना? आमच्याकडे एक जण क्लास घेतो, सोबत टेलिग्रामवर रोज कॉलही (खरेदी-विक्रीच्या टिपा) देतो. महिन्याची फी आहे.

ताळेबंद (जळगाव)
सल्लागार जरूर धरा, पण नोंदणी तपासून. संशोधन विश्लेषकाचा सेबी नोंदणी क्रमांक आयएनएच ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने, ब्रोकरचा आयएनझेड ने. क्रमांक मागा आणि सेबीच्या साइटवर मान्यताप्राप्त मध्यस्थांच्या यादीत तो स्वतः टाकून बघा. नाव, पत्ता, मुदत, तिन्ही जुळायला हवं. दुसऱ्याचा क्रमांक स्वतःच्या चॅनलवर लावणारे पुष्कळ आहेत.

क्लासबद्दल: सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे जो फक्त शिकवतो त्याला गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरबद्दल बोलता येत नाही. चालू बाजारात कॉल द्यायचे आणि वर 'आम्ही फक्त शिक्षण देतो' म्हणायचं, हे एकाच वेळी चालत नाही.

पैसे पाठवतानाही पडताळणी करता येते. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी यूपीआयचा वेगळा पत्ता आहे, त्यात 'व्हॅलिड' हा शब्द येतो आणि पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. सेबी चेक या सुविधेत यूपीआय पत्ता किंवा बँक खातं टाकून बघता येतं. कोणी स्वतःच्या बचत खात्यात पैसे मागितले तर तिथेच थांबा.

केळीपान (रावेर)
यात भर. व्हॉट्सॲपवर ओळख काढून 'संस्थात्मक खातं', 'अप्पर सर्किटचा (दिवसाच्या वरच्या भावमर्यादेला अडकलेला) शेअर कमी भावात' असं सांगून वेगळंच ॲप उतरवायला लावतात. ॲपवर नफा दिसतो. पैसे काढायला गेलं की आधी 'कर भरा' म्हणतात. ओळखण्याची पक्की खूण सांगते: तुमच्या नावावर खरंच शेअर आले असतील तर ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरींच्या विवरणात दिसतीलच. तिथे नाहीत म्हणजे शेअर नाहीतच, ॲप काहीही दाखवो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायची. पहिल्या काही तासांत समोरचं खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
केळीपानताई, ते डिपॉझिटरीचं विवरण मिळवायचं कसं, तेही लिहाल का? बऱ्याच जणांचं खातं फ्रँचायझीवाल्यानेच उघडून दिलेलं असतं, त्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

केळीपान (रावेर)
आधी आपलं खातं कुठे ते ओळखा. सोळा आकडीच क्रमांक असेल तर सीडीएसएल, सुरुवातीला आयएन आणि पुढे चौदा आकडे असतील तर एनएसडीएल. सीडीएसएलवाल्यांनी 'ईझी'वर आणि एनएसडीएलवाल्यांनी 'आयडियाज'वर नोंदणी करायची. दोन्ही फुकट. ब्रोकरचं ॲप बंद पडलं तरी आपली होल्डिंग तिथे दिसते.

शिवाय पॅनवर असलेली सगळी डिमॅट खाती आणि म्युच्युअल फंड एकत्र दाखवणारं 'कॅस' ई-मेलवर येतं. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्याचं दरमहा, नाहीतर सहा महिन्यांतून एकदा. पासवर्ड म्हणजे पॅन, मोठ्या अक्षरांत.

हे येत नसेल तर खात्यावर मोबाइल आणि ई-मेल कोणाचा आहे ते आधी तपासा. 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणत एजंटने स्वतःचाच टाकलेला असतो. मग ओटीपी त्याच्याकडे, संदेश त्याच्याकडे आणि विक्रीही त्याच्याच मर्जीने. ब्रोकरकडे जमा असलेल्या पैशांची आणि शेअरची शिल्लक एक्स्चेंज थेट गुंतवणूकदाराला एसएमएसने कळवतं. तो संदेश आपल्याच मोबाइलवर यायला हवा.

आणि 'सब-ब्रोकर' अशी पाटी अजून कुठे दिसली तरी तो वर्गच सेबीने २०१९ मध्ये बंद केला. आता 'अधिकृत व्यक्ती' असते, तिचं नाव एक्स्चेंजच्या साइटवर ब्रोकरनिहाय शोधता येतं. तिच्या हातात रोख किंवा तिच्या नावाचा चेक कधीच द्यायचा नाही.

बोरीकाठ (अमळनेर)
कागदी शेअरबद्दल विचारलंय, तर आमच्या गावाने लिहायलाच हवं. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून झाली. त्यामुळे इथल्या कित्येक घरांत जुनी प्रमाणपत्रं पेटीत निघतात. कागदावर 'वेस्टर्न इंडिया' असं जुनं नाव असलं तरी ती रद्दी समजू नका.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून हिशोब. २००४ च्या बोनसआधी १०० शेअर होते असं धरा. २००४ मध्ये एकाला दोन बोनस, झाले ३००. २००५ मध्ये एकास एक, ६००. २०१० मध्ये तिनाला दोन, १,०००. २०१७ मध्ये एकास एक, २,०००. २०१९ मध्ये तिनाला एक, २,६६६ आणि अपूर्णांकाचे पैसे. २०२४ मध्ये पुन्हा एकास एक, ५,३३२. प्रमाणपत्रावर दर्शनी मूल्य १० रुपये असेल तर ते १९९९ च्या विभाजनाआधीचं, म्हणजे आधी पाचाने गुणा. मधले बोनस कागदाने आलेच नसतील तर ते कंपनीच्या निलंबित खात्यात किंवा सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत असू शकतात. २०१३ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचा धंदा विप्रो एन्टरप्रायझेसमध्ये वेगळा काढला, त्यापोटी काही येणं आहे का तेही त्याच पत्रात विचारून घ्या.

आता पायऱ्या.

कागदावरून फोलिओ क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा, फोटो काढा. कंपनीच्या साइटवर गुंतवणूकदार विभागात निबंधक (भागधारकांची नोंद सांभाळणारी संस्था) कोण ते पाहा. विप्रोचा केफिन टेक्नॉलॉजीज, हैदराबाद. प्रमाणपत्रावर छापलेला निबंधक जुना असू शकतो, तिकडे पत्र पाठवू नका.

मग केवायसी. आयएसआर-१ या फॉर्ममध्ये पॅन, पत्ता, बँक, मोबाइल. आयएसआर-२ म्हणजे सहीची पडताळणी, त्यावर बँक मॅनेजरची सही, नाव, शिक्का आणि सोबत रद्द केलेला मूळ चेक. वारस नेमायला एसएच-१३, नको असेल तर आयएसआर-३. सगळ्यात जास्त अर्ज आयएसआर-२ वर परत येतात, कारण मॅनेजर शिक्का मारतो पण त्याचा कर्मचारी क्रमांक किंवा तारीख राहून जाते. काउंटरवरच फॉर्मचा एकेक रकाना बोट ठेवून तपासा.

धारक हयात असेल आणि सही जुळत असेल तर पुढचं काम सोपं. डिमॅट खातं उघडायचं, डीपीकडून (डिमॅट खातं देणारा ब्रोकर किंवा बँक) डीआरएफ हा कागदी शेअर डिमॅट करण्याचा फॉर्म भरायचा, मूळ प्रमाणपत्र जोडायचं. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आणि आता दुय्यम प्रत काय, वारसाहक्क काय, मंजूर झाल्यावर शेअर डिमॅटमध्येच जमा होतात. म्हणून खातं आधी उघडा आणि डीपीकडून सही-शिक्क्याची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद) घेऊन ठेवा.

धारक वारले असतील तर आयएसआर-५, मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं. वारस नेमलेला नसेल आणि त्या कंपनीतल्या कागदी शेअरची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर हमीपत्र, बाकी वारसांचं ना हरकत आणि प्रतिज्ञापत्र अशा सोप्या कागदांवर भागतं. त्यावर गेलं की न्यायालयाचा वारस दाखला किंवा त्या तोडीचा कागद लागतो. शेअर डिमॅटमध्ये असते तर हीच मर्यादा १५ लाख. वडीलधारे हयात आहेत तोवर डिमॅट करून घ्या म्हणतात ते यासाठीच.

सलग सात वर्षं लाभांश उचललेला नसेल तर शेअर आयईपीएफकडे गेलेले असतात. त्या निधीच्या साइटवर नाव किंवा फोलिओने शोधता येतं. आधी कंपनीकडून किंवा निबंधकाकडून हक्काचं पत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. त्या फॉर्मला सरकारी फी नाही. वेळ मात्र लागतो.

वांग्याचं_भरीत (भुसावळ)
एजंट म्हणतात आम्ही काढून देतो, वीस टक्के द्या. द्यावेत का?

बोरीकाठ (अमळनेर)
सरळ प्रकरण असेल तर अजिबात नको. वारसांत वाद आहे, कोर्टाचा दाखला लागतो, तर वकील करा आणि कामाची ठरावीक फी द्या. शेअरमधला हिस्सा लिहून देऊ नका. मूळ प्रमाणपत्र आणि कोरी सही केलेले फॉर्म कोणाच्याही हातात नको.

सातपुडा_७ (शहादा)
जागेवरच्या कंपनीचं काय? जैन इरिगेशन डोळ्यासमोर आहे, बांभोरीचा कारखाना रोज दिसतो, शेतात त्यांचंच ठिबक. आपल्याला बाहेरच्यापेक्षा जास्त कळणार ना?

पांझरा (धुळे)
धंद्याची चाहूल लागते, हे मान्य. पण कारखान्याच्या फाटकावरून कर्ज दिसत नाही. त्या कंपनीची कर्ज पुनर्रचना २०२२ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या सिंचन कंपनीत विलीन झाला. या दोन्ही गोष्टींनी ताळेबंद बदलला आणि दोन्ही एक्स्चेंजच्या घोषणांत कागदावर होत्या. शिवारात ठिबकच्या नळ्या तेव्हाही तशाच दिसत होत्या. त्यामुळे जुन्या-नव्या वर्षांची विक्री जोडून वाढीचा दर काढायचा नाही, मधे धंद्याचा एक तुकडा वेगळा झालाय.

दुसरी नजरचूक डीव्हीआरची, म्हणजे वेगळा मताधिकार असलेल्या शेअरची. या कंपनीचे दोन प्रकारचे शेअर बाजारात आहेत. डीव्हीआरला मताधिकार एक दशांश आणि भावही बहुधा कमी. नवखा माणूस 'तोच शेअर स्वस्तात मिळाला' म्हणून घेतो. उलाढाल कमी असल्यामुळे विकताना खरेदीदार मिळायला वेळ लागतो. डीव्हीआरचं साध्या शेअरमध्ये रूपांतर होऊ शकतं, टाटा मोटर्सने २०२४ मध्ये १० डीव्हीआरला ७ साधे शेअर दिले, पण दुसरी कंपनी तसं करेलच असं धरून घेऊ नका.

ताळेबंद (जळगाव)
सातपुडाभाऊ, यात आणखी एक धोका. नोकरी, शेती, दुकान आणि गुंतवणूक, सगळं एकाच जिल्ह्याच्या पावसावर. कापूस-केळीचं वर्ष वाईट गेलं की उत्पन्नही पडतं आणि शेअरही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
खर्चाचं कोणी लिहा. 'झिरो ब्रोकरेज' म्हणतात, तरी पैसे कापले जातातच.

पांझरा (धुळे)
करार चिठ्ठी (ब्रोकरकडून येणारं व्यवहाराचं बिल) उघडा, ती व्यवहारानंतर २४ तासांत येते. ५०,००० ची डिलिव्हरी खरेदी आणि त्याच भावात विक्री केली असं धरू. एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे १०० रुपये. मुद्रांक शुल्क फक्त खरेदीवर ०.०१५ टक्के, साडेसात रुपये. एनएसईचं शुल्क दोन्ही बाजू मिळून सुमारे ३ रुपये. सेबीची फी दहा पैसे. ब्रोकरेज शून्य असेल तर जीएसटीसकट साधारण १११. ब्रोकरेज अर्धा टक्का असेल तर ५०० ब्रोकरेज, त्यावर ९० रुपये जीएसटी, एकूण ७०१ च्या आसपास.

विक्रीच्या दिवशी डीपीचा आकार वेगळा. बऱ्याच ठिकाणी तो एका कंपनीमागे दिवसाला १५-२० रुपये असतो, एक शेअर विका की हजार. म्हणून दोन हजारांचे शेअर चार दिवसांत चार तुकड्यांत विकणाऱ्याला हा आकारच तीन-चार टक्के पडतो. करार चिठ्ठीत तो दिसत नाही, खातेवहीत दिसतो. लोक नेमकी तीच उघडत नाहीत.

वार्षिक देखभाल शुल्कही वाचवता येतं. एकूण होल्डिंग ४ लाखांपर्यंत आणि पॅनवर एकच खातं असेल तर बीएसडीए या मूलभूत सेवेच्या डिमॅट खात्याला शुल्क नाही, ४ ते १० लाखांना वर्षाला १०० रुपये.

केळीपान (रावेर)
परतावा मोजायला गुगल शीट पुरे. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात रक्कम. खरेदी उणे, विक्री आणि लाभांश अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं बाजारमूल्य. मग एक्सआयआरआर हे तारखा धरून वार्षिक परतावा काढणारं फंक्शन लावायचं, त्यात आधी रकमांचा पट्टा, मग तारखांचा.

उदाहरण: १ जानेवारी २०२३ ला ५०,०००, १ जानेवारी २०२४ ला आणखी ५०,००० आणि १ जानेवारी २०२५ ला मूल्य १,१५,५००. साधा हिशोब सांगतो की दोन वर्षांत साडेपंधरा टक्के, म्हणजे वर्षाला पावणेआठ. एक्सआयआरआर सांगतं सुमारे १०, कारण निम्मे पैसे एकच वर्ष गुंतलेले होते.

चूक दाखवत असेल तर दोनच कारणं बघा. एक, तारीख मजकूर म्हणून बसलीय. रकाना निवडून स्वरूप 'तारीख' करा आणि दिवस-महिना उलटा झालेला नाही ना ते तपासा. दोन, सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या. चालू भाव आपोआप हवा असेल तर शीटमध्ये गुगलफायनान्स फंक्शन आहे, पण तो भाव वीस मिनिटांपर्यंत मागे असू शकतो. त्यावर ऑर्डर टाकू नका.

वांग्याचं_भरीत (भुसावळ)
चार्टवर कोणीच लिहिलं नाही?

पांझरा (धुळे)
ट्रेडिंगव्ह्यू आणि चार्टइंक, दोन्हींची फुकट आवृत्ती पुरेशी. बोनस-विभाजनानुसार भाव जुळवलेला आहे का तेवढं बघा. ऑप्शनसाठी साधनं विचारत असाल तर सेबीचा २०२४ चा अभ्यास आधी वाचा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यापारी तोट्यात होते. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

एक तपासणी मात्र सगळ्यांनी करा. शेअर एएसएम, जीएसएम अशा देखरेखीच्या यादीत आहे का? ट्रेड-टू-ट्रेड गटात गेला असेल तर घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. एनएसईवर नावापुढे ईक्यू ऐवजी बीई दिसतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
आणि तक्रार कुठे करायची?

ताळेबंद (जळगाव)
आधी ब्रोकर किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल, फोन नव्हे. तोडगा नाही निघाला तर सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर. तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर पुनर्विलोकन मागता येतं, आणि पुढे स्मार्ट ओडीआरवर ऑनलाइन समेट व लवाद. जोडायला करार चिठ्ठी, खातेवही, बँक उतारा आणि डीपी विवरण, सगळं पीडीएफ. ॲपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून लंगडे पडतात. मागणी एका वाक्यात आणि रकमेसकट लिहा. चार पानी कैफियत लिहिली की उत्तर देणारा सोप्या मुद्द्याचं उत्तर देऊन मोकळा होतो.

सातपुडा_७ (शहादा)
बोरीकाठदादा, एक राहिलं. आमच्याकडच्या प्रमाणपत्रावर आधी काकांचं आणि मग काकूंचं नाव आहे, दोघं हयात आहेत. डिमॅटमध्ये मात्र काकूंचं पहिलं. नवीन खातं काढावं लागेल का?

बोरीकाठ (अमळनेर)
नाही. नावं तीच असतील आणि फक्त क्रम उलटा असेल तर डीआरएफसोबत ट्रान्सपोझिशनचा फॉर्म जोडायचा, त्यावर दोघांच्या सह्या. डीपीकडे 'ट्रान्सपोझिशन कम डिमॅट' असं म्हणून मागा. एखादं नाव कमी-जास्त असेल तर मात्र हे चालत नाही, त्या नावांचं वेगळं खातं लागतं. आणि कागद डीपीकडे देण्याआधी प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा, मागच्या बाजूला जुन्या हस्तांतरणाच्या नोंदी असतात.